पिठाच्या डब्यातला रिमोट

फार्मसीच्या कॅलेंडरवर
जिथे मी रक्तदाबाचे आकडे लिहिते
त्याच चौकोनात, मार्चपासून,
टीव्हीचे तास लिहू लागले.
पहिल्या दिवशी सात.
चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले
तर सव्वासात निघाले.
जेवतानाच्या बातम्या मी धरल्याच नव्हत्या.

डॉक्टरनं सांगितलं म्हणून नाही.
झालं असं की दुकानातल्या क्लोतिल्दनं
एक लेस परत पाठवली:
"एतेल्विना, पानाच्या देठाशी दोन वेढे उलटे पडलेत."
चाळीस वर्षांत परत आलेली पहिली लेस.
खिडकीशी नेऊन पाहिली.
देठ वाकडा होता खराच,
आणि आठवलं, नेमक्या त्याच जागी
दोघी बहिणी विहिरीपाशी समोरासमोर आल्या होत्या.
चार बोटं खाली जाळी सैल पडलेली:
कोर्टाचा निकाल,
जाहिराती धरून पन्नास मिनिटं.
मला ती लेस वाचता येत होती.
क्लोतिल्दला नुसत्या चुका दिसल्या.

टीव्ही वाल्देमारनं घेऊन दिला, लक्झेंबर्गहून येऊन,
भिंतीत चार भोकं पाडून.
"आई, याच्यावर समुद्र अगदी खरा दिसतो."
खरा समुद्र आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे.
उत्तरेचा वारा असला की स्वयंपाकघरात येतो त्याचा आवाज.
पण समुद्र काही
उद्या काय होणार ते अर्धवट टाकून जात नाही,
असं मी वाल्देमारला म्हणाले
आणि जीभ चावली.
एर्मीनियूची होडी गेली त्याला एकोणीस वर्षं झाली,
तो भाग अजून पुढे सरकलेला नाही.

तर, कमी करायचं ठरवलं.
आधी स्वयंपाकाची स्पर्धा सोडली.
ती सोपी गेली, माझ्याकडे ओव्हनच नाही.
मग दुपारचा तो गप्पांचा कार्यक्रम,
ज्यात सगळे एकमेकांना मिठ्या मारतात.
तो जड गेला.
मग रिमोट पिठाच्या डब्यात ठेवला.
दोनदा पांढऱ्या बोटांनी बटणं दाबली.
त्या दोन चौकोनांत आकडे नाहीत,
पिठाचे ठसे आहेत.

मे महिन्यात तीनवर आले.
आणि एका संध्याकाळी घरात कुणीतरी चालतंय असं वाटलं,
बारीक, लाकडी पावलांनी.
मी हात थांबवले, ते थांबलं.
हात चालवले, ते चाललं.
माझीच बॉबिनं होती ती,
चाळीस जोड्या, लोडावर एकमेकींना भिडणाऱ्या.
इतकी वर्षं ती बोलत होती
आणि मी त्यांच्या डोक्यावरून दुसऱ्यांचं ऐकत होते.

रविवारी वाल्देमारचा फोन.
"बघितलंस काल?"
"नाही."
"परवाचा?"
"नाही रे."
तो गप्प. त्याच्या घड्याळात एक तास जास्त झालेला असतो,
गप्पही तो माझ्या आधी होतो.
मग म्हणाला, "अगं, मग आपण बोलायचं काय?"

हे मात्र मी मोजलं नव्हतं.
दर रविवारी वीस मिनिटं आम्ही
त्या बहिणींच्या जमिनीवरून भांडायचो,
आणि त्यातच तो जेवला की नाही ते मला कळायचं.

सुचेना, म्हणून फोन लोडाशी ठेवला
आणि केशरी पुठ्ठ्यावर राहिलेलं पान पुढे घेतलं.
टाचणी, वेढा, टाचणी.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग विचारलं, "गारा पडतायत का तिकडे?"
"नाही. देठ आहे."
"पाळण्यात असताना हाच आवाज होता का?"
"पाळणा कुठला, सरदिनीचं खोकं होतं ते."
तो हसला. त्याच्या मागे, तिकडे,
बारीक आवाजात वाजंत्री सुरू झाली.
ती मी झोपेतही ओळखली असती.

मी फोन कानाला लावला.
"वाल्देमार," म्हटलं,
"धाकटीचं लग्न लागतंय का?"

कॅलेंडरवर त्या रविवारी मी लिहिलं: अडीच.
आणि खाली, बारीक अक्षरात:
अधिक, फोनवरून ऐकलेली सहा मिनिटं.